समुद्रच गाळलेलं अर्थसी

माझे आजोबा रत्नागिरीला मचव्यावर तांडेल होते. शिडाचा मचवा, इंजिन नंतर आलं. त्यामुळे कॉलेजात असताना फुटपाथवरच्या ढिगातून अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' उचललं, तेव्हा मला जादूगाराच्या आधी त्याची होडी आवडली. ती त्याला एका म्हाताऱ्या कोळ्याकडून मिळते. बदल्यात हा जादूगार, गेड, त्याचा मोतीबिंदू बरा करतो. होडीचं नाव बदलून 'लुकफार' ठेव आणि नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगव, असं म्हातारा सांगतो. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि आजोबांना फोन लावला होता. ते म्हणाले, "मग, होडीला दिसायला नको?"

हे सगळं आधी सांगितलं, म्हणजे पुढची चिडचिड कुठून आली ते कळेल. गेल्या रविवारी बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन जपानी ॲनिमेशनवाल्या स्टुडिओ जिब्लीचा 'टेल्स फ्रॉम अर्थसी' पाहिला. ले ग्विनच्या याच पुस्तकमालेवरचा २००६ चा चित्रपट, ११५ मिनिटांचा. पहिलं पुस्तक मी त्याला रात्री थोडं थोडं करून मराठीत सांगितलं होतं, त्यामुळे पठ्ठ्या तयारीत बसला होता. सुरुवात झकास. वादळात सापडलेलं जहाज, ढगांच्या वर एकमेकांना फाडणारे दोन ड्रॅगन. मग गेडची होडी किनाऱ्याला लागते आणि तिथेच तिचं काम संपतं. त्यानंतर शेत, वाळवंट, शहर, किल्ला. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, "मावशी, हे परत होडीत कधी बसणार?"

नाही बसत रे बाबा.

आता ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी. अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचा मुलूख. ले ग्विनने स्वतः त्याचा नकाशा काढला होता. तिथला जादूगार म्हणजे मुख्यतः शिडात वारा भरून देणारा माणूस, आणि तोसुद्धा जपून, कारण रोक बेटावर पाडलेला पाऊस ऑस्किल बेटावर दुष्काळ होऊ शकतो. चित्रपट मुख्यतः तिसऱ्या पुस्तकावर ('द फार्देस्ट शोअर', १९७२) आणि चौथ्यावर ('तेहानू', १९९०) उभा आहे. तिसरं पुस्तक जवळजवळ सगळं होडीत घडतं. जगातली जादू आटत चाललीय, माणसं शब्द विसरतायत, आणि गेड व तरुण राजपुत्र अरेन त्याचं कारण शोधत बेटामागून बेटं पालथी घालतात. त्यात तराफ्यांवर राहणारी माणसं आहेत, वर्षातून एकदाच जमिनीला पाय लावणारी. त्यांच्या सणाच्या रात्री गाणारे गाता गाता अडखळतात, पुढचे शब्दच आठवेनात. मी तो भाग वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. चित्रपटात ना तराफे, ना ती रात्र.

पण माझी खरी तक्रार अरेनबद्दल आहे. पुस्तकात त्याचे वडील त्याला स्वतः गेडकडे रोक बेटावर धाडतात. चित्रपटात पहिल्या काही मिनिटांतच तो वडिलांना भोसकतो आणि तलवार घेऊन पळतो. का? शेवटपर्यंत पत्ता नाही. मनात अंधार आहे म्हणे. बरं, पुस्तकातल्या अरेनच्या मनातही अंधार आहेच, पण तो कसा दाखवलाय बघा. एका बेटावर भाला लागून गेड जखमी होतो. अरेन त्याला होडीत घालून तिथून बाहेर काढतो खरा, पण मग त्याची उमेदच संपते. शेजारी गेड जखमी पडलाय आणि हा पोरगा काहीही करत नाही. होडी वाहू देतो. बस. या 'काहीही न करण्या'ची लाज मी अजून विसरलेली नाही, कारण अशी होडी आपणही कधीतरी वाहू दिलेली असते. खुनाला रक्त लागतं, तलवार लागते, चित्र काढायला सोपं. वाहत जाणारी होडी पडद्यावर आणायला दिग्दर्शक मुरलेला लागतो.

आणि गोरो मियाझाकीचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी तो बागा आखायचा, टोक्योजवळच्या मिताकातलं जिब्लीचं संग्रहालय त्याने सांभाळलं होतं. खुद्द त्याच्या वडिलांचा, जिब्लीचे नामांकित दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा, त्याने दिग्दर्शन करायला विरोध होता. गंमत म्हणजे हायाओंनी १९८० च्या दशकात या पुस्तकांसाठी विचारलं होतं. ले ग्विनला त्यांचं काम माहीत नव्हतं, तिने नाही म्हटलं. पुढे त्यांचा 'टोटोरो' पाहून तिचं मत फिरलं, पण तोवर ते 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' या चित्रपटात अडकले होते. झालं, अर्थसी पोराच्या पदरात. ती चुटपुट आपल्या वाट्याला.

कॉब हा खलनायक किल्ल्यात बसून सगळी पापं एकटाच करतो, शेवटी त्याला संपवलं की मामला मिटला. पहिल्या पुस्तकात गेडने स्वतःच्याच मस्तीतून एक सावली मोकळी सोडलेली असते आणि शेवटी तिला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. तिथून इथवर घसरण! रंगाचंही तेच. पुस्तकातला गेड तांबूस-काळसर, बहुतेक अर्थसी सावळीच. शाळेपासून गोऱ्या राजपुत्रांच्या गोष्टी वाचून आलेल्या मला ते केवढं अप्रूप होतं. इथे गेड थोडा रापलेला वाटतो, अरेन मात्र गोराच. आणि थेरू. आगीत ढकललेली ती मुलगी पुस्तकात अशी आहे की लोक मान वळवतात. इथे चेहऱ्यावर एक नीटनेटका डाग.

चांगलं काय? ढग. खरंच, असे संध्याकाळचे ढग मी भगवती बंदरावरूनच पाहिलेत. होर्ट टाउन या शहराचे पडके घुमट आणि गुलामांचा बाजारही डोळ्यात राहतो. गेडची जुनी मैत्रीण टेनार हिच्या शेतावरचा नांगरणीचा भाग संथ आहे, पण मला आवडला. आणि माळावर उभी राहून थेरू गाते ते गाणं, बराच वेळ वाद्याविना, नुसता आवाज. तिथे भाच्यानेसुद्धा चुळबूळ थांबवली. जपानी आवाजातच पाहा, त्या गाण्यासाठी तरी.

पाहून झाल्यावर ले ग्विनने गोरोला सांगितलं होतं की हे माझं पुस्तक नाही, तुझा चित्रपट आहे, चांगला चित्रपट आहे. नंतर तिने स्वतः मोकळेपणाने नाराजी लिहिली. मी तिच्याएवढी सभ्य नाही. पाचात दोन तारे, त्यातला एक ढगांना आणि एक गाण्याला. पुस्तकं वाचली नसतील तर चित्रपट आधी मुळीच पाहू नका. वाचली असतील तर आवाज चालू ठेवून भाजी निवडत बसा, गाणं लागलं की मान वर करा.

भाच्याने रात्री तिसऱ्या पुस्तकाची फर्माईश केलीय. त्याची पहिली अट, "बाबांना भोसकायचं नाही." म्हटलं, नाही रे, ते स्वतःच त्याला बोटीत बसवून देतात.