परदेशात अनोळखी माणसाला 'तू' म्हणावं की 'तुम्ही'?

आठवडाभराच्या प्रवासासाठी कोणी अख्खी भाषा शिकत बसत नाही. मग या अहो-जाहोवर किती डोकं खपवायचं? कुठे चाललाय, त्यावर आहे.

मराठी माणसाला फ्रेंच सगळ्यात सोपी. 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही, मग समोर एक माणूस असो की दहा. 'सिल वू प्ले', म्हणजे 'कृपया', यात तर 'वू' आयताच बसलेला आहे. पण तिथली परीक्षा वेगळीच निघाली. पॅरिसमध्ये तिकिटाच्या रांगेत घोकलेलं, 'वू' लावलेलं वाक्य मी खिडकीशी पोचताच धाडकन म्हणून टाकलं. आतल्या बाईंनी मान वर केली, 'बोंजूर' म्हणाल्या आणि थांबल्या. मी ओशाळून 'बोंजूर, मादाम' म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचा हात की-बोर्डकडे गेला. तिथे जाणार असाल तर सर्वनामाआधी नमस्कार पाठ करा.

जर्मनमध्ये मात्र सर्वनामच जपायचं. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी'. क्रियापद 'ते' बरोबर येतं तेच, म्हणजे समोरच्यालाच 'ते येतात का?' विचारल्यासारखं, जीभ वळायला वेळ लागतो. 'दू'वर यायचं का, हे वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल त्याने सुचवायचं. तरुण बाईंनाही 'फ्राउ'च म्हणा, 'फ्रॉयलाइन' आता खटकतं.

स्पॅनिशमध्ये सगळा खेळ एका स्वराचा. 'दिस्कुल्पे' म्हणजे 'माफ करा', 'दिस्कुल्पा' म्हणजे 'माफ कर'. स्पेनमध्ये दुकानदारही सर्रास 'तू'वर येतात, उलट कोलंबियात बोगोटाकडे मित्रमित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना दिसतील. लॅटिन अमेरिकेत जाणार असाल तर 'दिस्कुल्पे' पक्कं करा. स्पेनमध्ये वयस्कर माणसांपुरतं पुरे.

स्वीडनला जाणाऱ्यांनी हा अभ्यास सोडून द्यावा. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड या सरकारी आरोग्य खात्याच्या नव्या प्रमुखांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार असं जाहीर केलं. वारं आधीच वाहत होतं, पण त्या बदलाला आजही त्यांचंच नाव चिकटलेलं आहे. तिथे हौसेने आदरार्थी 'नी' वापरलंत, तर जुन्या माणसांना तो उलट तुसडेपणा वाटू शकतो, कारण पूर्वी ते हाताखालच्यांसाठी वापरलं जाई.

जपानीत तर सर्वनाम शिकूच नका. शब्दकोशात 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' सापडेल, पण अनोळखी माणसाला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. शिवाय बायका नवऱ्याला हाक मारतात तीही 'आनाता'च! लक्ष वेधायला 'सुमिमासेन' म्हणा, नाव कळलं की त्याला 'सान' जोडा. फक्त स्वतःच्या नावाला जोडू नका, नाहीतर 'नमस्कार, मी जोशीसाहेब' म्हटल्यासारखं होईल.