विमानतळ की विमान? हवाई वाहतूक कायद्यात वकिली करू पाहणाऱ्यांसाठी

हवाई वाहतुकीच्या कायद्यात शिरल्यावर फार उशीर न करता एक बाजू धरावी. विमानतळाची कामं जमीन आणि दरांभोवती फिरतात, विमानाची भाडेकराराभोवती. दोन्हींना लागणारा स्वभाव निराळा.

विमानाचं काम घाईचं. आपल्याकडची बहुतेक प्रवासी विमानं भाड्याची असतात. भाडं थकलं तर मालकाला नोंदणी रद्द करून विमान देशाबाहेर नेता यावं, म्हणून विमान कंपनी आधीच 'इडेरा' हे अधिकारपत्र सही करून देते. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, त्याची नोंद असेल तर अर्जानंतर 5 कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द व्हायला हवी. गो फर्स्ट या विमान कंपनीच्या वेळी मात्र मे 2023 मध्ये दिवाळखोरीतली वसुलीवरची स्थगिती आडवी आली आणि 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश यायला 26 एप्रिल 2024 उजाडला. विमानमालकांचे असे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय केपटाउन कराराला देशी कायद्याचं बळ 2025 मध्ये मिळालं. त्यामुळे या बाजूला नव्या वकिलांना आज चांगला वाव आहे.

इथे चुका बारीक असतात आणि महाग पडतात. केपटाउन कराराखालच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत विमानाचा सांगाडा आणि प्रत्येक इंजिन यांची नोंद वेगळी, शोधही निर्मात्याच्या अनुक्रमांकावरून. एक शून्य गळलं की त्या इंजिनावरचा बोजा शोधात दिसतच नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने इंजिनांची अदलाबदल होते, म्हणून करारातलं इंजिन आज कोणत्या विमानाच्या पंखाखाली आहे, हे ताबा मागण्याआधी लेखी मागवा.

विमानतळाचं काम संथ, पण पक्कं. वर्षाला 35 लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांचे दर 'एरा' हे प्राधिकरण 5-5 वर्षांसाठी ठरवतं. दुकानं, पार्किंग, जाहिराती यांच्या उत्पन्नातला 30 टक्के भाग विमानतळाच्या खर्चातून वजा घालून प्रवासी आणि विमान कंपन्यांवरचा भार निघतो. म्हणून टर्मिनलची किती जागा विमानसेवेची आणि किती दुकानांची, यावरच खरी भांडणं होतात. सल्लामसलतीच्या टप्प्यावर आकड्यांसह हरकत नोंदवली नाही, तर पुढे टीडीसॅट या न्यायाधिकरणातलं अपील लंगडं पडतं. त्या अपिलाला मुदत 30 दिवसांची.

दुसरा भाग जमिनीचा, आणि मराठी वकिलाला खरा फायदा इथेच आहे. नवी मुंबईत प्रकल्पग्रस्तांना 22.5 टक्के विकसित भूखंड देण्याची योजना झाली. अशा प्रकरणात सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलं, वारसनोंद अडलेली असली, की सगळं तिथेच थांबतं. फेरफार वाचता येणारा माणूस दिल्लीच्या मोठ्या फर्मलाही शोधावा लागतो.

हरवलेलं सामान, रद्द उड्डाणं हे ग्राहक आयोगातलं काम सुरुवातीच्या सरावाला छान. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान खराब झालं तर 7 दिवसांत, उशिरा मिळालं तर 21 दिवसांत लेखी तक्रार गेली आहे ना, हे आधी बघा.

तरीही ठरत नसेल तर एराचा एखादा दर-आदेश उघडा, संकेतस्थळावर फुकट मिळतो. पन्नास पानं वाचूनही पुढचा तक्ता बघावासा वाटला तर विमानतळ घ्या. दहाव्या पानावर कंटाळलात तर भाडेकरारांकडे वळा.