85 एमएम एफ/1.2 लेन्सचे पैसे घेतले आणि पार्सलमधून 50 एमएम एफ/1.8 आली

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर लावायला जुनी, हातानं फोकस करायची (मॅन्युअल फोकस) लेन्स कुणी ऑनलाइन घेत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे 41,500 रुपये गेले. वर कुरिअर आणि विम्याचे 650, आणि या लेन्ससाठी म्हणून घेतलेल्या ॲडॉप्टरचे 1,850. एकूण 44,000. कोल्हापुरात माझं फोटोग्राफीचं काम बऱ्यापैकी चालतं, या धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुली कोणती लेन्स घेऊ म्हणून मला फोन करतात, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण माझ्यासारखे लोक लाजेनं गप्प बसतात याच भरवशावर मला फसवणाऱ्या माणसाचा धंदा चाललाय.

पैसे घेऊन फोन बंद करणारे आता सगळ्यांना माहीत झालेत. यानं फोन बंद केला नाही. यानं पार्सल पाठवलं आणि पार्सलमध्ये लेन्सच होती. सगळा डाव त्यातच आहे.

मी मागवलेली लेन्स होती कॅननची न्यू एफडी 85 एमएम एफ/1.2 एल, 1980 सालातली. ज्यांना ही माहीत आहे त्यांना मी तिच्यामागे का लागले हे सांगायला नको. 1987 ला कॅननची ईओएस ही नवी कॅमेरा मालिका आली आणि कंपनीनं एफडी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जुनी पद्धत, सोडून दिली. पुढं डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात या लेन्सना कुणी विचारत नव्हतं, कारण एफडी लेन्सला माउंटपासून फिल्मपर्यंत 42 मिमी अंतर लागतं आणि ईओएसच्या नव्या ईएफ माउंटच्या कॅमेऱ्यात तेच 44 आहे. मध्ये काच घातल्याशिवाय लांबचा फोकसच लागायचा नाही. मिररलेस आले आणि चित्र बदललं. माझ्या सोनीच्या ई माउंटला अंतर फक्त 18 मिमी, म्हणजे 24 मिमीची पोकळ नळी, तोच ॲडॉप्टर, लावली की झालं.

गेली काही वर्षं मी गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या जुन्या कारागिरांचे फोटो काढते, साज आणि पुतळ्या घडवणाऱ्यांचे. एवढीशी जागा, डोक्यावर एकच दिवा, आणि फ्लॅश मारला तर माणूस काम थांबवून पोझ देतो. तिथं एफ/1.8 पेक्षा एफ/1.2 ला सव्वादोन पट उजेड मिळतो (ॲपर्चरचा हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एका मैत्रिणीची अशीच फास्ट लेन्स उसनी घेऊन मी तिथं बसले होते. दीड मीटरवरून 85 एमएम, एफ/1.2 म्हणजे फोकसमध्ये फार तर दोन सव्वादोन सेंटिमीटर. आजोबांची पापणी धरली तर कान गेला. फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकस कुठं लागलाय ते कॅमेरा दाखवतो त्या रंगीत कडा सगळ्या चेहऱ्यावर चमकतात आणि आपल्याला वाटतं फोकस लागला, पण एवढ्या उघड्या ॲपर्चरला त्यांच्यावर विसंबता येत नाही. डोळ्यावर मॅग्निफाय करायचं, रिंग केसभर पुढं-मागं करायची, आणि आजोबा डाग द्यायला, म्हणजे सांधा जोडायला वाकायच्या आत बटण दाबायचं. दहातले आठ फोटो वाया जातात. उरलेल्या दोनांसाठी मला ती लेन्स हवी होती. हौस म्हणा, पण कष्टाच्या पैशातली हौस होती.

जाहिरातीत 48,000 लिहिलं होतं. फुकटात मिळतेय म्हणून मी धावले नव्हते, किंमत पटण्यासारखी होती. फोनवरचा माणूस अगदी मऊ बोलणारा. वडिलांचा स्टुडिओ होता, वडील गेले, आता सामान चांगल्या हातात जावं एवढीच इच्छा आहे ताई, असं म्हणाला. मी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारले. त्यानं मलाच उलट सांगितलं की ॲडॉप्टरची रिंग लॉकवर ठेवा, नाहीतर ॲपर्चर बदलणारच नाही, आणि 1.2 ला पीकिंगवर जाऊ नका, मॅग्निफाय करूनच घ्या. जो माणूस स्वतः त्या लेन्सवर बसलाय त्यालाच ही गोष्ट माहीत असते. ज्याला कामातलं एवढं कळतं तो चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? त्यामुळे विकणाऱ्याला माहिती आहे म्हणजे वस्तू त्याच्याकडे आहे, असं कधीही धरू नका.

लेन्सशेजारी माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवा म्हटलं. पाठवला. देवनागरीत माझं नाव, त्या दिवसाची तारीख, शेजारी लाल पट्टीची ती भलीमोठी काच. मी 41,500 ला सौदा ठरवला आणि 5,000 टोकन यूपीआयनं पाठवले. आता तोच फोटो मोठा करून बघते तेव्हा दिसतं की लेन्सची सावली उजवीकडे पडलीय आणि चिठ्ठीची पडलेलीच नाही. चिठ्ठीचा फोटो हल्ली कुणीही बनवतं. व्हिडिओ कॉल करा, आणि तुमच्यासमोर, तुम्ही सांगाल त्या आकड्यावर ॲपर्चरची रिंग फिरवायला लावा. "नेटवर्क नाही" म्हणाला तर तिथंच सोडा. मलाही नेटवर्क नाही असंच सांगितलं होतं.

लेन्सनं काढलेला एखादा फोटो मूळ फाइलसकट मागितला, तोही आला. शंभर टक्के मोठा करून मी त्यातल्या पापण्या बघत बसले. फाइलच्या माहितीत 85 एमएम, एफ/1.8 अशी नोंद होती. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतो, साध्या ॲडॉप्टरवर कॅमेऱ्याला ॲपर्चर कळूच शकत नाही, तिथं आकडा येतोच कुठून? तो फोटो दुसऱ्याच ऑटोफोकस लेन्सचा होता. रोज शेकडो फाइलींची माहिती माझ्या नजरेखालून जाते. पण जो फोटो आवडला त्याच्याखालची आकडेवारी कोण तपासत बसतं?

आणि आता ती पावती. रात्री झोपताना मला अजून तीच दिसते.

उरलेले 36,500 मी पार्सल कुरिअरला दिल्याशिवाय देणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. यापेक्षा जास्त सावधपणा तो कुठला करायचा? त्यानं पावतीचा फोटो पाठवला. ट्रॅकिंग नंबर खरा, मी टाकून बघितला. माझा पत्ता बरोबर. सामानाच्या रकान्यात "वापरलेली कॅमेरा लेन्स, 1 नग". आणि त्याखाली वजन, 0.450 किलो. साडेचारशे ग्रॅम. ही लेन्स नुसती 680 ग्रॅमची आहे. मला पाठ होतं, कारण एवढं वजन ॲडॉप्टरला झेपेल का म्हणून मीच आदल्या दिवशी वाचलं होतं. वर खोका, वर थर्मोकोल. ते पार्सल किलोच्या घरात जायला पाहिजे होतं. आकडा मी बघितला, वाचला. आणि कुरिअरवाले वजन अंदाजानं लिहितात असं मनाशी म्हणून पुढं गेले. लिहितातच! माझ्या अल्बमच्या पार्सलवर कधी खरं वजन लिहिलेलं मी बघितलेलं नाही. तरी त्या क्षणी एक फोन करून विचारलं असतं तर 36,500 वाचले असते. यूपीआयवर नावही बाईचं दिसत होतं, "वहिनींचं खातं आहे" म्हणाला. मी पिन टाकला.

पार्सल यायला वेळ लागला. तोवर तो मेसेजला उत्तरं देत होता, "आलं का ताई?" म्हणून स्वतःहून विचारत होता.

खोका फोडतानाचा व्हिडिओ मी केलाय, तेवढं बरं झालं. बबल रॅपचे थरावर थर, आणि आत माझ्या मुठीत मावेल एवढी लेन्स. पुढच्या रिंगवर कॅनन, एफडी, 50 एमएम, 1:1.8. फिल्टर साइज, म्हणजे पुढच्या तोंडाचा व्यास, 52 मिमी. आतल्या काचेवर कडेनं बुरशीचे पांढरे धागे, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल. ही लेन्स त्या काळात कॅमेऱ्याबरोबर सर्रास मिळायची, आज कुणी तिचे दोन-तीन हजारही खळखळ करत देईल. मी लगेच फोन लावला. तेव्हा मात्र नंबर बंद. घरी दोन दिवस मी पार्सल आलंच नाही असं सांगत होते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला त्याच रात्री फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण पैसे त्या खात्यातून कधीच पुढं सरकले होते. पार्सल का पाठवतात ते इथं लक्षात घ्या. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवता येते. पार्सलची वाट बघण्यात आपले ते तास आणि वर अख्खे दिवस निघून जातात, आणि आपल्याला फसलोय हेच माहीत नसतं. पार्सलचा दुसरा उपयोग मला पोलीस ठाण्यात कळला.

"मॅडम, लेन्स मागवली, लेन्स आली. मग फसवणूक कुठं झाली?"

मी दोन्ही लेन्सचे फोटो दाखवले. मागवलेलीचा फिल्टर साइज 72 मिमी, आलेलीचा 52. हवालदारांनी हातातली लेन्स उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, काच ती काच, बारकी-मोठी असती, हे सिव्हिल मॅटर हाय, वकिलाला भेटा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः खटपट करून सिने कॅमेरा घडवला, त्या गावात मला हे ऐकावं लागलं. सोन्याचे पैसे घेऊन पितळ दिलं तर तिथं "दागिना मागवला, दागिना आला" म्हणाल का, असं मी विचारलं. तर म्हणाले, तुमचे मिस्टर काय करतात? त्यांना घेऊन या. पैसे माझे, खातं माझं, धंदा माझा, जीएसटी नंबर माझ्या नावावर. मिस्टरांचा संबंध काय? बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर हे झालं. मी तिथं रडले नाही, पण बाहेर गाडीवर बसून हात थरथरत होते.

सायबर पोलिसांकडे गेले तर, आधी ठाण्यातून लिहून आणा. ठाण्यात गेले तर, साहेब बंदोबस्ताला आहेत. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडून व्यवहार पूर्ण झालाय. समोरच्या खात्याची चौकशी पोलिसांचं पत्र आल्याशिवाय होत नाही, आणि पोलीस पत्र द्यायला गुन्हा झालाय हेच मानत नाहीत. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही आतला माल बघत नाही. आणि वजन? वजन तर तुम्हीच घेतलंत ना? त्याचं उत्तर नाही. जाहिरात ज्या ठिकाणी होती त्यांच्याकडून छापील उत्तर आलं की व्यवहार प्रत्यक्ष भेटूनच करावेत. ज्या जाहिरातीवर मी तक्रार केली ती पुसून टाकली आणि माझ्याकडचा पुरावाच गेला. म्हणून सांगते, जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशी घ्या, तक्रार करायच्या आधी. ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या, विकणारा व्यापारी नसून खासगी माणूस असला की ग्राहक आयोगातही अवघड जातं.

त्यांनीच मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या ठाण्यात कुणी सांगितल्या नाहीत. 1 जुलै 2024 पासून 420 गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. त्याच्या चौथ्या उपकलमातला गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे "सिव्हिल" म्हणून हाकलता येत नाही. आणि ठाण्यानं नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोच मजकूर लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. मी टपालानं पाठवलाय. पोच आलीय, उत्तर अजून नाही. पण अर्जात "लेन्स मिळाली नाही" असं लिहू नका. "ठरलेल्या वस्तूऐवजी मुद्दाम दुसरी, हलक्या किमतीची वस्तू पाठवली" असं लिहा, आणि दोन्हींचं मॉडेल, वजन, फिल्टर साइज त्यात घाला. माझा पहिला अर्ज नुसत्या "लेन्स"वर अडला.

लेन्स घेणाऱ्यांनी एक हिशेब करा. 85 ला 1.2 ने भागा, 71 मिमी येतात. पुढची काच निदान तेवढी तरी पाहिजेच. फिल्टर साइज विचारा आणि 52 किंवा 55 म्हणाला तर फोन ठेवा. शक्यतो पुण्याचं किंवा मुंबईचं तिकीट काढा आणि समोर जाऊन घ्या. लेन्स हातात आली की मागून टॉर्च मारून तिरकं बघा, आपल्या पावसात बुरशी धरायला वेळ लागत नाही. स्वतःचा कॅमेरा न्या आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून तिथंच फोटो काढा. आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर वहिनी असो नाहीतर आई, एक रुपया पाठवू नका.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी किंवा कुठंही, महागड्या जुन्या लेन्सच्या जागी कुणाला अशी हलकी लेन्स आली असेल तर खोका आणि त्यावरची चिठ्ठी टाकून देऊ नका. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा आणि वजनाचा फोटो काढून मला पाठवा. माझ्या पार्सलवरचा पत्ता आणि 0.450 हे दोन्ही मी अर्जाला जोडलंय. दुसऱ्या कुणाच्या पार्सलवर तोच पत्ता निघाला तर दोन्ही अर्ज एकत्र अधीक्षकांकडे जातील, आणि मग लेन्स मागवली, लेन्स आली म्हणून कुणाला फाइल बंद करता येणार नाही.