जुन्या गाडीचा गंज आणि गळती : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमची २००९ सालची हॅचबॅक गुहागरला समुद्रापासून जवळच, आंब्याच्या झाडाखाली उभी असते आणि दापोलीकडे जाताना धोपावे–दाभोळ फेरीबोटीने खाडी ओलांडते. १५ वर्षांची नोंदणी संपून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा उन्हाळ्यात गंज काढून गळती बंद करून घेतली. त्यानंतर पूर्ण पावसाळा आणि हिवाळा गेला आहे. केलेले बहुतेक काम टिकले. मात्र ज्यावर सर्वांत जास्त पैसे गेले, त्या काळ्या अंडरबॉडी कोटिंगने (गाडीच्या तळाला लावलेल्या संरक्षक थराने) सर्वांत कमी समाधान दिले.

बाहेरून गंज दिसत होता तो फक्त दरवाजांच्या खालच्या कडेला, रंगाखाली आलेल्या फोडांच्या रूपाने. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो रंग उचलतो, आणि फोड दिसेपर्यंत पत्रा आतून बराच खाल्लेला असतो. खरे नुकसान चालकाशेजारच्या सीटपुढे, मॅटखाली होते : तिथला जाड नमदा ओला होता आणि त्याखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला.

पत्र्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येते ते शोधणे आवश्यक होते, कारण गळती तशीच ठेवून मारलेला पॅच पुन्हा सडणारच. मॅटखालची ओल एसीच्या पाण्याची, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची किंवा पावसाची असू शकते. एसीचे पाणी उन्हाळ्यातही येते, पण एसी चालवला तरच. कूलंट बोटाला चिकट लागतो आणि त्याला गोडसर वास असतो. आमच्याकडे ओल फक्त पावसात वाढत होती. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचे आणि दुसऱ्याने पाइपने, जोर न लावता, खालून वर थोडे थोडे सरकत पाणी सोडायचे, अशी तपासणी केली. टपापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि मूळ जागा कळत नाही. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली होती, त्यामुळे ओघळाची रेघ स्पष्ट उमटली.

दोन जागा सापडल्या. वायपरखालच्या पन्हाळीत आंब्याचा मोहोर आणि कुजलेली पाने साचून निचऱ्याची वाट बंद झाली होती, आणि तुंबलेले पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत उतरत होते. दुसरी जागा डाव्या दरवाजात. काचेच्या रबराला ओलांडून थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत जाणे हे स्वाभाविकच आहे. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे आणि आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याने केबिनकडे येऊ नये, अशी ती रचना असते. इथे पडदा स्पीकर बसवताना फाटलेला होता आणि छिद्रे चिखलाने बुजलेली होती. तार घालून छिद्रे मोकळी केली, नवा पडदा चिकटवला आणि पन्हाळ साफ केली. हे जवळजवळ फुकटात झालेले काम भर जुलैच्या पावसातही पुरेसे ठरले. नमदा आजही कोरडा आहे.

फ्लोअरचा सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, बॅटरी सोडवून, सीओटू वेल्डिंगने नवा तुकडा बसवला. फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवण्याचा स्वस्त पर्याय होता, पण त्याखाली ओल कोंडून राहते, म्हणून तो घेतला नाही. वरून झिंक प्रायमर आणि सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलंट लावला. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्यावर कधीही वापरू नये, कारण सुकताना त्यातून सुटणारे आम्ल लोखंडाला खाते आणि त्यावर रंगही धरत नाही.

फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचे, त्याचा टिकाऊ थर करणारे द्रावण) डिकीत, स्टेपनीखालच्या वरवरच्या गंजावर उत्तम चालला. पापुद्रे सुटलेल्या जागी मात्र तो थरासकट गळून पडला; तिथे आधी तारेच्या ब्रशने पत्रा उघडा करण्याला पर्याय नाही. काळे कोटिंग स्वच्छ पत्र्यावर शाबूत आहे, पण मडगार्डच्या आत खडी लागून ते जिथे उडाले, तिथल्या फटीतून पाणी शिरून थराखाली गंज पसरला आणि तो खरवडेपर्यंत दिसलाही नाही. दरवाजांच्या आणि दरवाजांखालच्या उंबऱ्यांच्या पोकळीत फवारलेले मेण त्यामानाने सरस वाटले, जरी पहिले काही आठवडे उन्हात ते ठिबकत होते आणि गाडीत उग्र वास होता.

कोकणात पाऊस थांबला म्हणून गंज थांबत नाही. पाणी वाळले तरी मीठ पत्र्यावर राहते आणि दमट हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. त्यामुळे फेरीच्या ओल्या धक्क्यावरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुण्याचा नेम ठेवला आहे, आणि माझ्या मते कोणत्याही डब्यातल्या उत्पादनापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मात्र रंगाला नवे फोड आले आहेत. काच चिकटवलेली असल्यामुळे ती उतरवल्याशिवाय तिथला गंज पूर्ण निघणार नाही. हे काम येत्या मे महिन्यात करायचे आहे, आणि काढताना काच तडकली तर नवीन घेण्याचा खर्च धरूनच पेंटरकडे दर मागितला आहे.