ब्लॅक आणि प्रेटियर: आठ महिने रोज वापरल्यावर

सांगलीत आमचं पाच जणांचं ऑफिस आहे, गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात असं सगळं. सर्व्हरला पायथन आणि जँगो (पायथनमधलं वेबसाठीचं फ्रेमवर्क), स्क्रीनला जावास्क्रिप्ट. कोड सात वर्षांचा आहे आणि त्यावर आत्तापर्यंत दहा-बारा जणांचे हात फिरलेत, त्यामुळे कुठे टॅब, कुठे चार स्पेस, कुठे सिंगल कोट, कुठे डबल, एका फाइलमध्ये तर एकच फंक्शन तीन माणसांनी लिहिलंय हे न सांगता कळायचं. गेल्या श्रावणात आम्ही पायथनसाठी ब्लॅक आणि जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर लावलं, दोन्ही फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करून देणारी टूल्स. आता आठ महिने झाले, रोज वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितेय.

कशामुळे लावलं ते आधी सांगते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने कपातीचा कोड लिहून पुल रिक्वेस्ट (कोड तपासून मुख्य कोडमध्ये मिसळून घ्या, म्हणजे मर्ज करा, अशी विनंती) टाकली. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यावर एकोणीस कॉमेंट टाकल्या, त्यातल्या चौदा स्वल्पविरामानंतर स्पेस नाही, इथे ओळ मोडायला हवी, कोट बदल अशा होत्या. तिने बिचारीने सगळं निमूटपणे दुरुस्त केलं, आम्ही मर्ज केलं, आणि त्या कोडमध्ये पैशाचं राउंडिंग प्रत्येक कपातीला वेगवेगळं होत होतं हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. पुढच्या बिलाला एका संस्थेच्या सचिवांचा फोन, की सभासदांच्या बिलात पंचवीस-तीस पैशांचा फरक येतोय. रक्कम छोटी, पण दूध घालणारा माणूस पैसा-पैसा मोजून घेतो आणि तो बरोबरच आहे. त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण चूक त्या मुलीची नव्हती, तपासणाऱ्यांचं लक्ष स्पेस मोजण्यात गेलं होतं.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅक वुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये आणला, प्रेटियर त्याच्या वर्षभर आधी, २०१७ मध्ये, जेम्स लाँग यांनी. दोन्हींची पद्धत एकच, तुम्ही लिहिलेल्या स्पेस आणि ओळी जवळपास बाजूला ठेवायच्या, कोड वाचून त्याची सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा आराखडा) बनवायची आणि तिच्यावरून मजकूर नव्याने लिहून काढायचा. गो भाषेत तर गोएफएमटी हे असंच टूल सुरुवातीपासून भाषेसोबतच येतं, तिथे हा वादच नाही. ब्लॅकमध्ये सेटिंग मुद्दाम कमी ठेवलेत, ओळीची लांबी ८८ अक्षरं (पायथनच्या पेप-८ या अधिकृत स्टाइलच्या नियमांत ७९ आहे), कोट डबल, इंडेंट चार स्पेस, झालं. प्रेटियरची डिफॉल्ट लांबी ८० आणि इंडेंट दोन स्पेस. सेटिंग कमी असल्याचा राग मला पहिल्या आठवड्यात आला होता, आता वाटतं तेच बरं, कारण जेवढी बटणं तेवढ्या मीटिंगा.

लावायचा दिवस रविवार ठरवला, कुणाचं काम अर्धवट नको म्हणून. तरी एका मुलाची मोठी ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळी काढून चालवलेलं काम) राहिलीच होती. तिच्यासाठी केलं ते असं: फॉरमॅटच्या अगदी आधीचा कमिट (नोंदवून ठेवलेला बदल) त्याच्या ब्रँचमध्ये मर्ज केला, मग त्याच ब्रँचवर ब्लॅक चालवून कमिट केला, मग मुख्य ब्रँचवरचा फॉरमॅटचा कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज केला, म्हणजे आपलीच बाजू ठेवायची, समोरून काही घ्यायचं नाही. नंतरचे मर्ज नेहमीसारखे. एवढं केलं नसतं तर त्याला फाइलभर कॉन्फ्लिक्ट सोडवत बसावं लागलं असतं.

दुसरी भीती होती गिट ब्लेमची, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडची. एका दिवशी दोनशेच्या वर फाइल बदलल्या, मग सहा महिन्यांनी कुठलीही ओळ कुणी लिहिली बघायला गेलं की माझंच नाव येणार. यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नाही, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. त्या कमिटचे पूर्ण हॅश (ओळख-क्रमांक) एका फाइलमध्ये लिहायचे आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये त्या फाइलचं नाव द्यायचं. अट एकच, त्या कमिटमध्ये फॉरमॅटशिवाय दुसरं काही नको, एक ओळसुद्धा नाही. येता जाता हेही दुरुस्त करू असा मोह होतोच, तिथे हात आवरायचा.

ब्लॅकवर विश्वास बसायला मला एका गोष्टीची मदत झाली. फॉरमॅट केल्यावर तो जुन्या आणि नव्या कोडची सिंटॅक्स ट्री ताडून बघतो, आणि अर्थ बदललाय असं दिसलं तर फाइल लिहीतच नाही, एरर देऊन थांबतो. आठ महिन्यांत आमच्याकडे फॉरमॅटमुळे एकही गोष्ट बिघडलेली नाही.

आता खरा फायदा, तोही मी अपेक्षा केली नव्हती तिथून मिळालेला. संकलनाच्या स्क्रीनवरची एक जुनी जावास्क्रिप्ट फाइल होती, त्यात एक इफ होता, संध्याकाळची पाळी असेल तर अमुक करा, आणि त्याखाली आत ढकललेल्या दोन ओळी, पण महिरपी कंस नव्हते. तीन वर्षं सगळ्यांना वाटत होतं की दोन्ही ओळी इफच्या आत आहेत. प्रेटियर चालवलं तर पहिली ओळ उचलून इफच्याच ओळीत जाऊन बसली आणि दुसरी डावीकडे बाहेर आली, इफच्या बरोबर खाली. म्हणजे ती दुसरी ओळ सकाळीही चालत होती! सकाळचं दूध नोंदवताना मधूनच आदल्या संध्याकाळची नोंद पुसली जायची, ती तक्रार आम्ही नेटवर्कच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो. प्रेटियरने दुरुस्त काही केलं नाही, जे होतं ते जसं आहे तसं दाखवलं फक्त. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सिक्युरिटी कोडमधली 'गोटू फेल'ची चूक गाजली होती ती याच जातीची, एकच ओळ लागोपाठ दोनदा आलेली, दोन्ही आत ढकललेल्या, पण दुसरी इफच्या बाहेर, त्यामुळे पुढची सही तपासणारी पायरी वगळली जायची. असा कोड फॉरमॅटरमधून गेला तर दुसरी ओळ बाहेर उभी दिसते.

पण हेच पायथनमध्ये होत नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण आमच्याच एका मुलाचा इथे गैरसमज झाला. जावास्क्रिप्टमध्ये कंस असतात म्हणून टूलला खरी रचना कळते. पायथनमध्ये इंडेंट म्हणजेच रचना. त्याने रिटर्नची ओळ चार स्पेस जास्त आत लिहिली, लूपच्या आत गेली, पहिल्या सभासदाचं बिल झालं की फंक्शन संपलं. ब्लॅकला त्यात चुकीचं काही दिसायचं कारण नाही, तो कोड वैध आहे. मुलगा म्हणाला, ताई ब्लॅक तर पास झालं होतं. तेव्हापासून मी नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगते की ब्लॅक पास होणं म्हणजे कोड नीट दिसतो एवढंच, बरोबर चालतो की नाही ते टेस्ट सांगणार. टॅब आणि स्पेसची विसंगत सरमिसळ असेल तर ते पायथन ३ स्वतःच टॅबएरर देऊन अडवतं, तेवढं सोडलं तर पायथनमध्ये इंडेंट बरोबर ठेवायची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच.

आता जिथे मला खरंच त्रास झाला ते. दरपत्रक.

दुधाचं दरपत्रक म्हणजे तक्ता असतो, डावीकडे फॅट, वर एसएनएफ, मधल्या चौकटीत लिटरचा दर. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया धरतात आणि तिथून वर-खाली पॉइंटप्रमाणे दर सरकतो. आमच्या कोडमध्ये हा तक्ता लिस्टच्या आत लिस्ट असा लिहिलेला होता, फॅट ३.० ते ५.५ म्हणजे २६ ओळी, एसएनएफ ७.५ ते ९.० म्हणजे १६ रकाने, आणि सगळे आकडे एकाखाली एक नीट जुळवलेले. हे आमच्या सरांनी केलं होतं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या काळापासून काम करणारा माणूस, कारण संस्थेचे सचिव छापील दरपत्रक घेऊन ऑफिसात यायचे आणि सरांच्या शेजारी खुर्ची टाकून, कागदावर पट्टी ठेवून, स्क्रीनवरची ओळ आणि कागदावरची ओळ जुळवून बघायचे. सोळा आकड्यांची ओळ ८८ अक्षरांत बसत नाही. ब्लॅकने प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर टाकला, २८ ओळींचा तक्ता ४७० ओळींचा झाला, आकड्यांची नुसती उभी रांग, कुठली फॅट कुठला एसएनएफ काही पत्ता लागेना. सर काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं, कारण तो तक्ता त्यांनी रात्री बसून हाताने जुळवलेला होता आणि त्या मांडणीचा रोजच्या कामात उपयोग होता.

उपाय सोपा होता, तक्त्याच्या आधी 'एफएमटी ऑफ' आणि नंतर 'एफएमटी ऑन' अशा कॉमेंट टाकायच्या, मधल्या भागाला ब्लॅक हात लावत नाही. तो त्याच दिवशी केला. पण पुढे दोन महिन्यांनी आम्ही विचार केला की दर बदलला की कोड बदलायचा हेच मुळात चूक आहे, मग दरपत्रक सीएसव्ही फाइलमध्ये काढलं, आता सचिव स्वतः एक्सेलमध्ये भरतात आणि त्यांच्या पट्टीला तिथे सरळ रकाने मिळतात. आज आमच्या सगळ्या कोडमध्ये 'एफएमटी ऑफ' फक्त दोन ठिकाणी उरलंय. हा शब्द कोडमध्ये वाढायला लागला तर थांबून बघा, बहुतेक वेळा तिथे कोड नाही, डेटा असतो.

सरांची अजून एक सवय गेली, बरोबरची (=) चिन्हं एका उभ्या रेषेत आणायची. ब्लॅक ते ठेवत नाही, एकच स्पेस ठेवतो, ओळीच्या शेवटच्या कॉमेंटही कोडपासून दोन स्पेसवर आणतो. महिना-दोन महिने त्यांना ते खटकत होतं. मग एकदा त्यांनीच सांगितलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोतही टूल्स मेनूत ब्युटिफाय होतं, पण ते ज्याला हवं त्याने चालवायचं, म्हणून प्रत्येकाची फाइल वेगळी दिसायची. हे सगळ्यांना सक्तीचं आहे म्हणून टिकेल असं त्यांचं मत, आणि मला ते पटतं.

सक्तीवरून व्हर्जनचं सांगायलाच हवं. ब्लॅकची नेहमीची स्टाइल वर्षातून एकदाच बदलते, जानेवारीच्या रिलीजमध्ये. आम्ही सुरुवातीला व्हर्जन बांधून ठेवलं नव्हतं. जानेवारीत एकाने नवीन लॅपटॉप घेतला, त्यावर नवं ब्लॅक आलं, बाकीच्यांकडे जुनं, आणि आठवडाभर त्याच दोन-तीन फाइल इकडून तिकडे बदलत राहिल्या, तो सेव्ह करणार तशी, मी सेव्ह करणार अशी. आता प्री-कमिटच्या (कमिटच्या आधी तपासणी चालवणाऱ्या टूलच्या) फाइलमध्ये आणि सर्व्हरवरच्या तपासणीत एकच व्हर्जन आकड्यानिशी लिहिलंय. सर्व्हरवर फक्त 'चेक' चालतं, तिथे काही बदलत नाही, नीट नसेल तर लाल खूण येते आणि मर्ज थांबतं.

विंडोजवाल्यांसाठी एक. प्रेटियर २.० पासून ओळीचा शेवट एलएफ (ओळ संपल्याची लिनक्सची खूण) धरतं, आणि विंडोजवर गिट बऱ्याचदा चेकआउट करताना सीआरएलएफ (विंडोजची खूण) करून देतं, मग एकही अक्षर न बदलता सगळ्या फाइल चुकीच्या दाखवतात. आमच्यातल्या दोघांचा अख्खा दिवस यात गेला. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एलएफ ठरवून टाका, प्रश्न मिटतो. आणि ईएसलिंट (जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) असेल तर त्यातले दिसण्याचे नियम बंद करणारं तयार कॉन्फिग मिळतं ते घाला, नाहीतर दोन टूल्स एकमेकांशी भांडत बसतात.

मराठी कॉमेंट आम्ही भरपूर लिहितो, कारण कपातीचे नियम मराठीतच समजतात. लांब कॉमेंट ब्लॅक मोडत नाही, ८८ च्या पुढे गेली तरी तशीच ठेवतो, त्यामुळे त्या हातानेच दोन ओळींत लिहायच्या. लांब स्ट्रिंगचंही तसंच, सभासदाला जाणारा मराठी एसएमएस एका ओळीत उजवीकडे लांब जातो, तो मी स्वतः कंसात तुकडे करून लिहिते.

रफ या पायथनच्या दुसऱ्या टूलचा फॉरमॅटरही करून बघितला, रस्ट भाषेत लिहिलेला, २०२३ मध्ये आला, ब्लॅकसारखंच लिहितो आणि खरोखर खूप वेगवान आहे. आमचा कोड एवढा मोठा नाही की तो वेग जाणवावा, म्हणून सध्या बदललेलं नाही. मोठा कोड असेल तर सरळ त्याच्यापासूनच सुरू करा असं मी म्हणेन.

रिव्ह्यूत काय बदललं ते तर मला सगळ्यात जवळचं आहे. त्याच मुलीच्या मागच्या पुल रिक्वेस्टवर सहा कॉमेंट आल्या. दोन राउंडिंगच्या, एक सभासद मध्येच संस्था सोडून गेला तर कपातीचं काय याची, एक फंक्शनच्या नावाची, आणि दोन तिने आम्हाला उलट विचारलेल्या. त्यातल्या एका प्रश्नावर सर आणि ती अर्धा तास बोलत होते, चहा गार झाला तरी.

राहिलंय ते जँगोच्या टेम्प्लेटचं, म्हणजे पानांच्या एचटीएमएल साच्यांचं. त्यातले टॅग प्रेटियरला कळत नाहीत, तो सगळं साधं एचटीएमएल समजतो आणि ब्लॉकच्या ओळी एकाला एक चिकटवून टाकतो, म्हणून ते फोल्डर प्रेटियर-इग्नोअरमध्ये टाकलंय आणि तिथे अजून जुनीच अवस्था आहे. डीजेलिंट (अशा टेम्प्लेटसाठीचाच फॉरमॅटर) बघायचं मनात आहे. कुणी ते सहा महिने तरी रोजच्या कामात वापरलं असेल तर कसं वाटलं नक्की सांगा, विशेषतः बिलाच्या प्रिंटसारख्या मोठ्या टेबलांवर.