बर्डीतलं दुकान: रेडवरचा सर्व्हर दोन्ही डिस्कवरून उठवून दिला

नागपुरात महालात आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, सगळ्या फायली एका डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर. आत 2 टीबीच्या दोन डिस्क, रेड 1, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. ऐन मे महिन्यात पहिली डिस्क गेली. जिथे नवी बसवून घेतली तिथे मशीन बूट होईना, तर सरळ "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले. दुसऱ्या डिस्कवर अख्खा डेटा शाबूत असताना! उचलून बर्डीवर (सीताबर्डी) या दुकानात आणलं, व्हेरायटी चौकाजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर.

तिथल्या ताईंनी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि कारण सांगितलं. "काका, डेटा दोन्हीकडे होता, पण ईएफआय पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा भाग, रेडच्या बाहेर असतं. ते पहिल्याच डिस्कवर भरलेलं होतं, तिच्यासोबत गेलं." मदरबोर्डला लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड कळत नाही, त्याला साधं फॅट पार्टिशन लागतं. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातली यूईएफआय (मदरबोर्डची नवी बूट पद्धत) लिहिलेलीच ओळ निवडायची, नाहीतर ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, नोंद मदरबोर्डमध्ये होत नाही, हेही त्यांनी दाखवलं.

मग नवी डिस्क रेडमध्ये घेतली, दोन्ही डिस्कवर ईएफआय पार्टिशन करून ग्रब टाकला, दोघांच्या वेगळ्या बूट नोंदी केल्या. नव्या डिस्कवर डेटा उतरायला (सिंक) संध्याकाळ झाली. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये 'यू' आणि रेघ (एक डिस्क नाही) होती तिथे दोन 'यू' (दोन्ही चालू) दिसेपर्यंत त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही.

खरं काम यापुढे झालं. मशीन बंद करून त्यांनी एका डिस्कची केबल काढली आणि चालू केलं. ग्रब आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) आला आणि दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड! एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीत, काढलेल्या डिस्कचंच ईएफआय पार्टिशन सक्तीचं होतं. तिथे 'नोफेल' (नसलं तरी पुढे जा) घातलं, पुन्हा चालू केलं, लॉगिन आलं. मग ती डिस्क परत रेडमध्ये घेऊन दुसरीची केबल काढून तीच परीक्षा. केबल न काढता मशीन घरी आणलं असतं, तर हा अडथळा पुढची डिस्क जाईल त्या दिवशीच कळला असता. रेडचं मशीन कुठेही दुरुस्त करा, ही परीक्षा आपल्यासमोर करून घ्या.

1500 रुपये घेतले, बिल दिलं. जिना अरुंद आहे, टॉवर कॅबिनेट चढवताना सोबत कोणीतरी हवं. गाडी लावायला जागा नाही, मेट्रो बरी. दुपारी फोन उचलत नाहीत. निघताना ताईंनी कॅबिनेटच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली: ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की दुसऱ्या डिस्कवरची प्रत हाताने करायची, खाली कमांड. मागच्याच आठवड्यात अपडेट आला, मुलाने चिठ्ठी पाहून कमांड दिली.