जुन्या फोनला नवी बॅटरी, की सरळ नवा फोन?

तीन-चार वर्षं वापरलेला फोन एखाद्या अपडेटनंतर रडतखडत चालायला लागला की बहुतेकांचं घोडं एकाच प्रश्नावर अडतं: बॅटरी बदलून अजून ओढायचा, की नवा घेऊन मोकळं व्हायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. आधीचा फोन असाच कुरकुरायला लागला तेव्हा नवा घेतला, आत्ताच्या फोनला बॅटरी बदलून घेतली. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात मोजमाप कमी आणि वापराचा अनुभव जास्त आहे. रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे तुम्ही पाहिलेलं असतंच. त्यात शिरत नाही.

त्याआधी एक. अपडेट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत बरीच आवराआवर करत असतो. फोटोंची यादी नव्याने लावतो, ॲप्स नव्या सिस्टिमला जुळवून घेतो. तोवर तो तापतो, अडखळतो आणि बॅटरीही भराभर उतरते. काही दिवस जाऊ द्या, रात्री चार्जिंगला लावून ठेवा. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर तेही रिकामं करा. मोकळी जागा उरली नाही की फोनला काहीही साठवताना आधी जुनं हलवत बसावं लागतं. एवढं करूनही रडगाणं थांबलं नाही, तरच खर्चाचा विचार.

फोन दोन तऱ्हांनी स्लो होतो आणि निर्णय सगळा या फरकावर आहे. पहिली तऱ्हा सॉफ्टवेअरची: सिस्टिम आणि ॲप्स दरवर्षी जड होत जातात, हार्डवेअर मात्र तेच राहतं. दुसरी बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्यात चार्ज कमी मावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याबरोबर तिचा अंतर्गत रोधही वाढतो, हे सहसा लक्षात येत नाही. टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ साचलाय, तसं काहीसं. कॅमेरा उघडला, नकाशा लावला, गेम सुरू केला की प्रोसेसर एकदम जास्त करंट मागतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे जास्त जाणवतं. असं बंद पडणं टाळायचं तर प्रोसेसरचाच वेग आवरायचा, हा एक उपाय आहे, आणि कंपन्यांनी तो केलेला आहे.

ॲपलचं प्रकरण आठवत असेल. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ पासून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गरजेप्रमाणे कमी केला जात होता, पण ग्राहकाला ते स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. डिसेंबरात गीकबेंच हे फोनचा वेग मोजणारं ॲप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी वेगाच्या चाचण्यांचे आलेख मांडले आणि काही दिवसांत ॲपलने मान्य केलं. मग माफी आली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला, आणि २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दिसू लागली. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला तो ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल. माझ्या मते या सगळ्यातला कामाचा भाग वेगळाच आहे: ज्यांनी बॅटरी बदलली, त्यांचा तोच फोन, त्याच सॉफ्टवेअरवर, पुन्हा पळू लागला. हल्लीचं उदाहरण गूगलचं. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला आलेल्या अपडेटने काही फोनांची बॅटरी मुद्दाम मर्यादित केली. त्यामुळे 'अपडेटने बिघडला' आणि 'बॅटरी गेली' या तक्रारी कधीकधी एकच असतात.

आता माझं. खरं सांगायचं तर स्लोपणाचा मला फारसा त्रास नव्हता. ॲप उघडायला जरा उशीर लागला तर लागू दे, तेवढी घाई आयुष्यात क्वचितच असते. डोक्यात गेला तो टक्क्यांचा आकडा.

वर पस्तीस-चाळीस टक्के दिसतायत, मी फोटो काढायला कॅमेरा उघडतो आणि स्क्रीन काळी. चार्जरला लावावा तर मिनिटभरात उठून फोन सांगणार, तीस टक्के शिल्लक आहेत. म्हणजे चार्ज होता, फक्त वापरता येत नव्हता. एकदा हे सुरू झालं की माणूस फोनच्या तंत्राने वागायला लागतो. नकाशा लावून निघायचं नाही, पुढची वळणं पाठ करून ठेवायची. तिकीट फोनवर असलं तरी कागदावर छापून घ्यायचं, कारण स्क्रीनशॉटसुद्धा चालू फोनवरच दिसतो. पॉवर बँक खिशात, त्याची केबल दुसऱ्या खिशात. निम्मा चार्ज असतानाही लांबचा फोन करताना मनात धाकधूक. स्लो फोनची सवय होते हो, पण खोटं बोलणाऱ्या आकड्याची होत नाही. निदान मला नाही झाली.

बॅटरी बदलल्यावर हे जे बंद झालं ते झालंच. आता दहा टक्के म्हणजे दहा टक्के, त्या हिशेबाने उरलेली कामं उरकता येतात. कॅमेरा लगेच उघडतो, नकाशा सुरू असताना फोन तितका तापत नाही. हे माझ्या हाताला जाणवलेलं आहे, घड्याळ लावून पाहिलेलं नाही.

काय सुधारलं नाही, तेही सांगायला हवं. कीबोर्ड अजून अधूनमधून मागे पडतो. दोन-तीन ॲप्स फिरून परत आलो की आधीचं पान पुन्हा लोड होतं. हे रॅमचं दुखणं, त्याला बॅटरी काय करणार? शिवाय फोन उघडला की पाणी रोखणारं सील पहिल्यासारखं राहील, असं गृहीत धरू नका. बॅटरी मूळ कंपनीची नसेल तर काही फोन सेटिंगमध्ये तसा संदेश दाखवत राहतात. स्वस्त बॅटरीचा मोह टाळलेला बरा, आणि फोन देण्याआधी बॅकअप घ्यायचाच.

नव्या फोनच्या बाजूने बोलायचं तर रात्रीचे फोटो. तिथे जुना फोन कितीही लाडका असला तरी हरतो. दुसरं म्हणजे अपडेटचं आयुष्य: पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन मिळू लागलं, जे पूर्वी अँड्रॉइडवर स्वप्नात नव्हतं. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० चार्ज-चक्रांनंतरही (एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक चक्र) ८० टक्के क्षमता राखणारी हवी, असा नियमच आहे.

पण नव्या फोनबरोबर येणारं स्थलांतर कुणी जमेला धरत नाही. फोटो आणि संपर्क आपोआप येतात, त्याचंच कौतुक होतं. बँकेचं ॲप पुन्हा नोंदवा, लॉगिनचे कोड देणारं ॲप नीट हलवा, जुन्या गप्पा आल्या का बघा, आणि महिन्याभराने कळणार की एक खातं जुन्या फोनवरच अडकलंय. आधीच्या वेळी यातच माझी बरीच संध्याकाळ-रात्र गेली होती. आणि एवढं करून घेतलेल्या फोनची बॅटरीही म्हातारी होणारच आहे. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चक्रांनंतर ८० टक्क्यांच्या हिशेबाने बनवलेल्या होत्या, १५ पासून तो आकडा १००० वर गेला. सुधारणा आहे, अमरत्व नाही.

अपडेटच घ्यायचं नाही, हा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच अपडेटमधून येतात आणि बँकेचे व्यवहार त्याच फोनवर चालतात, म्हणून मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

तेव्हा ठरवताना आधी दोन गोष्टी बघा. फोन चार्जरला लावलेला असताना कधीच बंद पडत नाही, पण एरवी निम्म्या चार्जवर पडतो, असं असेल तर संशय बॅटरीवर घ्यायला हरकत नाही. पूर्ण चार्ज असताना, नुकताच रीस्टार्ट केलेला असतानाही अडकत असेल, तर बॅटरीने फार फरक पडेल असं वाटत नाही. दुसरं, कंपनीच्या सुरक्षा अपडेट किती काळ येणार आहेत ते पाहा. बंद झाल्या असतील तर नव्या बॅटरीवर पैसे घालू नयेत, तिथे मीही नवा फोनच घेईन. दीड-दोन वर्षं बाकी असतील, स्क्रीन धड असेल आणि रात्रीच्या फोटोंवाचून अडत नसेल, तर मला बॅटरीचं पारडं बरंच जड वाटतं. बदलल्यावर फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती सुरू करून ठेवा. मी केली आहे, प्रवासाच्या दिवशी तेवढी काढतो.

आणि मागचं कव्हर उचललं गेलंय किंवा स्क्रीनची कड वर आलीय असं दिसलं, तर हा आढावा बाजूला ठेवा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका, आणि आजच ती जाणकाराकडून काढून घ्या. फोनचं काय करायचं ते नंतर बघू.